मेल सर्व्हर फोनशी जोडताना: आधी एकच फोन

मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर अपडेट केलं, सेटिंग्जमध्ये ‘मोबाइल सिंक’ हे नवं पान दिसलं, की हात शिवशिवतात. पण सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवर चुकून पुसलेला संपर्क काही क्षणांत सर्व्हरवरूनही जातो आणि तिथून बाकीच्या उपकरणांवरूनही. म्हणून आधी मेलपेट्या, संपर्क आणि कॅलेंडर यांची प्रत वेगळ्या जागी काढा. ती प्रत खरंच उघडते का, हेही तपासा. ही तपासणी बहुतेक जण टाळतात.

पहिली पायरी: वाट निवडा

ॲक्टिव्हसिंक ही मायक्रोसॉफ्टची पद्धत. एकाच खात्यातून मेल, संपर्क, कॅलेंडर सगळं येतं. एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) नसलेल्या सर्व्हरवरही झेड-पुशसारख्या मुक्त सॉफ्टवेअरने ती चालवता येते. दुसरी वाट खुल्या मानकांची: मेलसाठी आयमॅप, कॅलेंडरसाठी कॅलडॅव्ह (२००७), संपर्कांसाठी कार्डडॅव्ह (२०११). आयफोनमध्ये तिन्हींची सोय आधीपासून असते. अँड्रॉइडवर कॅलडॅव्ह आणि कार्डडॅव्हसाठी सहसा डॅव्हएक्स५सारखं ॲप टाकावं लागतं. माझा कल खुल्या मानकांकडे आहे, पण वापरणारे तंत्राला बिचकणारे असतील तर एका खात्यात सगळं उरकणारं ॲक्टिव्हसिंकच बरं.

दुसरी पायरी: प्रमाणपत्र आणि पोर्ट

पोर्ट म्हणजे सर्व्हरवरच्या प्रत्येक सेवेच्या दाराचा क्रमांक. आयमॅपसाठी ९९३, मेल पाठवायला ४६५ किंवा ५८७, ॲक्टिव्हसिंक आणि दोन्ही ‘डॅव्ह’साठी ४४३. (फोनात अर्थातच इंग्रजी आकडे.) टीएलएस प्रमाणपत्र (सर्व्हरची ओळख पटवणारं, जोडणी सुरक्षित करणारं) मान्यताप्राप्त संस्थेचं हवं; लेट्स एन्क्रिप्टचं मोफत मिळतं. सर्व्हरवर ते मधल्या प्रमाणपत्रासकट (तुमचं प्रमाणपत्र मूळ संस्थेशी जोडणारा दुवा) बसवा. नाहीतर संगणकाच्या ब्राउझरवर सगळं सुरळीत दिसतं आणि फोन मात्र जोडणी नाकारतो, आणि दोष पासवर्डात शोधण्यात दुपार जाते.

तिसरी पायरी: पुश

मेल आल्याआल्या फोन वाजावा, म्हणून फोन सर्व्हरशी एक जोडणी उघडी ठेवून गप्प बसतो. आयमॅपमध्ये हे काम ‘आयडल’ आज्ञा करते. ॲक्टिव्हसिंकमध्ये फोन ‘पिंग’ पाठवतो आणि नवं काही येईपर्यंत किंवा ठरलेली वेळ संपेपर्यंत सर्व्हर उत्तर रोखून धरतो. अडचण होते ती मधल्या प्रॉक्सीची (फोन आणि सर्व्हर यांच्यातला मध्यस्थ) किंवा फायरवॉलची. एन्जिन्एक्स प्रॉक्सी मूळ सेटिंगमध्ये ६० सेकंद काहीच आलं नाही की जोडणी तोडते. मग फोन दर मिनिटाला नव्याने दार ठोठावतो आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी झोपते. बोल लागतो तो नव्या सर्व्हरला! ही मुदत वाढवा. ॲक्टिव्हसिंकसाठी ती तासाभरापर्यंत ठेवायला हरकत नाही. आयफोनचं मूळ मेल ॲप मात्र साध्या आयमॅप खात्यावर ‘आयडल’ वापरत नाही, ठरावीक मिनिटांनी मेल आणतं. त्यामुळे तिथे उशीर झाला तर सर्व्हर उकरत बसू नका.

चौथी पायरी: हरवलेल्या फोनची सोय

सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर प्रत्येक फोनला स्वतंत्र ॲप पासवर्ड द्या. फोन हरवला की तेवढाच रद्द करायचा, बाकीचे चालू राहतात. दुरून पुसण्याचं बटण दिसलं तर ते नेमकं काय पुसतं, ते आधी वाचा. ॲक्टिव्हसिंकच्या १६.१ आवृत्तीपासून फक्त खातं पुसता येतं. त्याआधीच्या आज्ञेने अख्खा फोन कोरा होतो, घरच्या फोटोंसकट. फोन वापरणाऱ्याचा स्वतःचा असेल तर हे त्याला खातं जोडण्यापूर्वीच सांगा, नंतर नाही.

पाचवी पायरी: एका फोनवर दोन दिवस

वायफायवर आणि मोबाइल डेटावर, दोन्हीकडे तपासा. मराठी नावाचा संपर्क फोनवर तयार करून संगणकावर नीट उमटतो का पाहा. दर आठवड्याची बैठक टाका आणि त्यातली एकच तारीख हलवा. कॅलेंडरची बहुतेक दुखणी इथेच बाहेर पडतात. फोनवरून पाठवलेलं मेल ‘सेंट’मध्ये एकदाच दिसायला हवं. दोनदा दिसलं तर सर्व्हर आणि ॲप दोघेही प्रत ठेवतायत. एकीकडची बंद करा.

मग बाकीचे फोन, दोन-चार करत. नवं खातं जोडण्याआधी त्या फोनवरचं जुनं कार्यालयीन खातं काढायला सांगा, म्हणजे एकेक माणूस संपर्कयादीत तीन-तीनदा दिसणार नाही.