घरच्या कॅन्सरसाठी मॅरेथॉन पळताय? मग हप्ते आधी बांधा

शर्यत डिसेंबरात असते, हॉस्पिटल डिपॉझिट आज मागतं. पदक गळ्यात पडल्यावर लोकांकडे जायचं म्हटलं, तर तोवर निम्मे उपचार उधारीवर झालेले असतात. मी पोस्टाची आरडी एजंट. पुण्यात धनकवडी-सहकारनगरात घरोघर हप्ते गोळा करणं हे माझं रोजचं काम. मोठ्या जाऊबाईंना स्तनाचा कॅन्सर निघाला आणि पाठोपाठ मामंजींना तोंडाचा. तेव्हा पळण्याचे पैसेही मी हप्त्यानेच जमवले.

सगळ्यात आधी, ज्यांच्यासाठी पळायचं त्यांना विचारा. जाऊबाई म्हणाल्या, "आजार सांग, नाव सांग, पण केस गेलेला फोटो कुठे टाकू नकोस." मामंजींना सोसायटीत नावच नको होतं. दोघांचं तंतोतंत पाळलं. रिपोर्ट आणि आधार कार्ड व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. कुणाला खात्री करून घ्यायची असेल, तर पेशंटच्या परवानगीने घरी बोलवा, चहा करा, फाइल समोर ठेवा.

लोकांपुढे हात पसरण्याआधी हक्काचं आहे ते घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात, वर्षाला कुटुंबामागे 5 लाख रुपयांपर्यंत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस बसतो, रेशन कार्ड घेऊन थेट त्याला गाठा. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तिथल्या समाजसेवा विभागात अर्ज करायचा. मुख्यमंत्री सहायता निधीचाही अर्ज भरा. हे सगळं वजा जाता उरतो तो आकडा मागायचा.

आता वाटणी. मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची. जाऊबाईंच्या केमोच्या सहा सायकल, दर 21 दिवसांनी एक. म्हणजे सायकलमागे सात किलोमीटर. एका किलोमीटरला 2,000 रुपये धरले, की प्रत्येक केमोआधी 14,000 हातात येतात आणि सगळे मिळून 84,000. एकाच घराला 2,000 जड जात असतील, तर भिशीतल्या चौघींनी 500-500 घालून एक किलोमीटर घ्यावा. वरचे 195 मीटर मी वाड्यातल्या पोरांना दिले. त्यांनी खाऊचे पैसे आणले, आणि वहीत त्यांचीही नावं मोठ्यांसारखीच लिहिली.

ग्रुपवर मेसेज टाकून फार काही येत नाही. तो सगळ्यांना असतो, म्हणून कुणालाच नसतो. एकेकाला भेटा. "काकू, डिसेंबरात मॅरेथॉन पळतेय, जाऊबाईंच्या केमोसाठी. नववा किलोमीटर तुमच्या नावावर लिहू का?" एवढं बोलून थांबा. "बघते" म्हणाल्या तर पुढच्या हप्त्याच्या वेळी एकदाच आठवण करा, पुन्हा नाही. देणं जमलं नाही म्हणून कुणाचा आपल्या घरी येण्याचा संकोच वाढता कामा नये.

खातं वेगळं काढा, यूपीआयचा कोड त्याच खात्याचा. रोख घेतली तर देणाऱ्यासमोर वहीत लिहून सही घ्या आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरा. वही घरातल्या दुसऱ्या कुणीतरी तपासावी. आमच्याकडे भाचा तपासायचा. मोठी रक्कम देणाऱ्याने पेशंटच्या नोंदणी क्रमांकावर थेट हॉस्पिटलात भरली तर उत्तम. एका व्यक्तीला केलेल्या मदतीवर 80जीची करसवलत मिळत नाही, ती नोंदणीकृत, मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर असते. हे आधीच स्पष्ट सांगा. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षाला 50,000 च्या वर पैसे येणार असतील, तर कराचं काय ते सीएला विचारून घ्या. प्रत्येक केमोनंतर देणाऱ्यांना चार ओळी पाठवा: बिल किती, जमा किती, पेशंट कसा आहे.

पळण्याबद्दल थोडक्यात. चाळिशी उलटली असेल तर आधी डॉक्टर आणि ईसीजी. पूर्ण मॅरेथॉन झेपणार नसेल तर 21 किलोमीटरची अर्धी पळा, लोक तिलाही देतात. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 पासूनची आणि वर्षानुवर्षे डिसेंबरच्या पहिल्या रविवारची. तिची तयारी जूनअखेर सुरू करा. आठवड्यात तीन दिवस थोडं आणि रविवारी लांब. रविवारचं अंतर हळूहळू 30 किलोमीटरपर्यंत न्या, शेवटच्या तीन आठवड्यांत उतरवा. तळजाई टेकडीची मातीची वाट गुडघ्यांना मानवते, पण भर पावसात ती निसरडी होते. तेव्हा विद्यापीठाच्या आवारातले रस्ते बरे. खिशात खजूर आणि चिक्की, बाटलीत मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी.

घरी आल्यावरचा नियम मात्र कडक हवा. केमोत प्रतिकारशक्ती खाली जाते. आधी आंघोळ, कपडे बदलायचे, मगच पेशंटजवळ. सर्दी असली तर त्या खोलीत जायचंच नाही. पेशंटचा ताप 100.4 फॅरनहाइटला गेला, तर रविवार असो, शर्यत असो, ताबडतोब हॉस्पिटल. बरोबर पळणाऱ्यांचे रक्तगट लिहून ठेवा, प्लेटलेट्स लागल्या की ही माणसं धावून येतात. पण शर्यतीच्या आधीच्या काही आठवड्यांत स्वतः रक्त देऊ नका.

शर्यतीच्या दिवशी किलोमीटरवार नावांची चिठ्ठी जवळ ठेवा. तिसाव्यानंतर पाय बोलायला लागतात, तेव्हा मी पुढचं नाव वाचायची आणि त्या घरापर्यंतच पळायची.

आठवड्याच्या आत सगळा हिशोब बिलांसकट देणाऱ्यांना दाखवा. खातं लगेच बंद करू नका. केमोनंतर रेडिएशन असतं, तपासण्या असतात, स्तनाच्या कॅन्सरमध्ये अनेकींना पाच वर्षं किंवा जास्तही गोळ्या घ्याव्या लागतात. शिल्लक त्यावर खर्चायची की दुसऱ्या पेशंटला द्यायची, हे देणाऱ्यांना विचारून ठरवा आणि ठरलेलं वहीत लिहा.