बनियनच्या कापडाचं मॉडेल करताय? या चुका टाळा

वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांत मागाचा आवाज ऐकत वाढलेली आपली बेळगावची पोरं निटेड, म्हणजे लूपमध्ये लूप अडकवून केलेल्या कापडाचं संगणकावर सिम्युलेशन करायला बसली, की डोक्यात ताणा-बाणाच असतो. मागावरच्या कापडात सूत बऱ्यापैकी सरळ असतं, त्यामुळे ओढ थेट सुतावर येते. जर्सीत, म्हणजे बनियनच्या साध्या निटेड कापडात, आधी लूप वाकतो, मग सूत सुतावरून घसरतं, लूप एकमेकांत गच्च बसतात आणि शेवटी सूत ताणलं जातं. म्हणून बलाचा आलेख सुरुवातीला जवळजवळ आडवा असतो आणि नंतर एकदम चढतो. शिवाय साधी जर्सी लांबीपेक्षा रुंदीला जास्त ताणते. तुमचा आलेख सरळ रेषा आला असेल, तर तिथेच थांबा.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे सुताला भरीव तार समजणं. खानापूरकडच्या एका विद्यार्थ्याचं मॉडेल प्रत्यक्ष कापडापेक्षा कितीतरी ताठ येत होतं. त्यानं सुताचा मॉड्युलस, म्हणजे ताणण्याला होणारा विरोध, उतरवत नेला आणि आलेखाची सुरुवात खऱ्या कापडाच्या टेस्टवर बसवली. ‘सर, जुळलं!’ मी म्हटलं, ‘आता हेच आकडे ठेवून शेवटपर्यंत ताण बघू.’ लूप सरळ झाले आणि मॉडेलमधलं सूत रबरासारखं लांबत सुटलं. दोष होता वाकण्यात, दुरुस्ती केली ताणण्यात.

३० नंबरच्या कॉटन सुताच्या छेदात साधारण शंभरेक तंतू असतात. ते सुटे सरकले तर सुताचा वाकण्याला विरोध एका तंतूच्या शंभरपट, पण चिकटून एक झाले तर शंभराच्या वर्गाइतका, म्हणजे दहा हजारपट. खरं सूत या दोन टोकांच्या मध्ये, सुट्या तंतूंच्या बाजूला असतं. म्हणून वाकण्याचा ताठपणा वेगळा आकडा म्हणून द्या, आणि मोजून द्या. मी सुताची कडी करून खाली छोटं वजन लटकवतो आणि ती किती लांबट होते ते बघतो. आलेख जुळेपर्यंत आकडे फिरवत बसणं म्हणजे मॉडेलिंग नव्हे, हे मी प्रत्येक बॅचला सांगतो.

मशीनवरून उतरलेलं कापड तसंच मोजू नका. ते ओढलेलं असतं. धुवा, सपाट पसरून वाळवा, मग मोजा. १९५९ मध्ये मंडन या संशोधकानं दाखवलं, की शिथिल झालेल्या साध्या निटेड कापडाची मापं मुख्यतः लूपमधल्या सुताच्या लांबीवर ठरतात. म्हणून मी शंभर टाके उसवून, सूत हलकं सरळ करून मोजतो आणि शंभरानं भागतो. फोटोवरून लूपची लांबी काढून देणाऱ्यांचं मी तपासतच नाही.

जुलैत बेळगावच्या पावसात उघड्यावर ठेवलेला नमुना थेट टेस्टला लावू नका. २७ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत आधी मुरू द्या.

घर्षण शून्य धरू नका, नाहीतर ताण सोडल्यावर मॉडेल जिथल्या तिथे परत येईल. खरं कापड येत नाही.

गणित लवकर संपावं म्हणून मॉडेलमधलं वस्तुमान मुद्दाम वाढवणाऱ्यांनी गतिज ऊर्जा अंतर्गत ऊर्जेच्या ५ टक्क्यांच्या आत आहे का, ते प्रत्येक रनला बघावं. नसेल तर वस्तुमान कमी करा आणि रात्रभर चालू द्या.