जुनी गाडी घेताना बजेटच्या या चुका टाळा

सेकंड हँड गाडी घ्यायची ठरली की घरात पहिला प्रश्न येतो, "किती लाखांपर्यंत जायचं?" आणि गणित तिथेच चुकतं. हाताशी 5 लाख आहेत म्हणून 5 लाखांचीच गाडी शोधली जाते. माझं मत स्पष्ट आहे: 5 लाख असतील तर 4, फार तर सव्वाचार लाखांची गाडी बघा. उरलेले पैसेही गाडीचेच आहेत, ते पहिल्या वर्षात लागतात.

गाडी विकायची ठरवलेला माणूस शेवटच्या वर्षी तिच्यावर फारसा खर्च करत नाही, आणि त्यात त्याची काही चूकही नाही. पण त्यामुळे टायर, बॅटरी आणि क्लच नेमके तुमच्या वाट्याला येतात. छोट्या हॅचबॅकचे चार टायर साधारण 16 ते 20 हजारांना पडतात, बॅटरी 5 हजारांच्या आसपास, आणि क्लच प्लेट बदलायची तर मजुरी धरून 8-10 हजार. रोज अंधेरी-घाटकोपर रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगलेल्या गाडीचा क्लच कमी किलोमीटरमध्येही संपलेला असू शकतो, त्यामुळे मीटरवरच्या आकड्यावर भाळू नका. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 च्या 23 व्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर पावसात धोक्याचं. ते पैसे भाव करतानाच वजा करून घ्या.

विमा आणि वय

"विमा चालू आहे" एवढं ऐकून निश्चिंत होऊ नका. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पॉलिसी तुमच्या नावावर झाली की ती सवलत जाते आणि फरकाची रक्कम तुम्ही भरायची असते. नाव बदलण्यासाठी विमा कंपनीकडे 14 दिवसांत अर्ज करा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. 2012 ची गाडी स्वस्त वाटते, पण 2027 मध्ये तिची फेरनोंदणी करावी लागेल. एप्रिल 2022 पासून त्याची फी 600 वरून 5,000 रुपये झाली. शिवाय तपासणी आणि पर्यावरण कर वेगळे. परराज्यातली, विशेषतः दिल्लीची डिझेल गाडी त्याहून स्वस्त दिसते. तिथे 10 वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले म्हणून त्या बाहेर विकल्या जातात. इकडे आणल्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स, तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि नवा नंबर, एवढं सगळं धरलं की स्वस्ताई फारशी उरत नाही. कुटुंबासाठी पहिली गाडी घेताना या भानगडीत पडू नये असं मला मनापासून वाटतं.

पावसात बुडालेली गाडी

मुंबईत यापेक्षा महाग चूक नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तसा दिवस रोज येत नाही. पण हिंदमाता, अंधेरी सबवे, मिलन सबवे इथं पाणी साचल्याच्या बातम्या पावसाळ्यात येतातच. पाणी शिरलेली गाडी धुऊन-पुसून, नवे सीट कव्हर चढवून उभी केली जाते.

गाडी बघायला दिवसा जा. सीट बेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग रोज हाताळला जातो, पण आत गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा सहसा कुणी धूत नाही. तिथे मातकट रेघ दिसली तर गाडी तिथेच सोडा. मग पायाखालची मॅट उचला, सीटच्या रुळांवर गंज आहे का बघा, स्टेपनीच्या खळग्यात हात घाला. काचा आणि एसी बंद ठेवून पाच मिनिटं आत बसा, कुबट वास लपत नाही. वरळी, वर्सोवा, माहीम अशा समुद्राजवळ उभी राहिलेली गाडी खालून तपासाच, खारी हवा पत्रा पोखरते. तपासणी तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडून करून घ्या, विकणाऱ्याच्या नव्हे. त्याला दिलेले हजार-दीड हजार वाया जात नाहीत.

सीएनजी गाडी असेल तर किट आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंदलेलं आहे का आणि सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झाली आहे का, ते बघा. आणि डिकी उघडून, सिलिंडरने अडवलेली जागा बघून विचार करा: गणपतीला गावी जाताना पाच माणसांच्या बॅगा कुठे ठेवणार? वर्षभर वाचवलेलं इंधन मग टपावरच्या कॅरिअरच्या कटकटीत जातं.

टोकन देण्याआधी

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 (बोजा उतरवण्याचा अर्ज) हातात आल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नका. थकलेली ई-चलनं गाडीच्या नंबरवर ऑनलाइन दिसतात, ती विकणाऱ्याने भरायची. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या की आरटीओचं काम लगेच सुरू करा. "एजंट बघेल" म्हणून महिनोन्‌महिने लांबवू नका. विकणाऱ्याला त्याचा फास्टॅग बंद करायला सांगा आणि तुमचा नवा घ्या. गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट करून दोघांनी सह्या करा, म्हणजे त्या दिवशी सकाळी कुणी सिग्नल तोडला असेल तर चलन कुणी भरायचं यावरून नंतर वाद होत नाही.