फेंडर चॅम्प ५एफ१ : दोन स्विच, सहा आवाज

फेंडरच्या चॅम्प या छोट्या गिटार ॲम्पचे, म्हणजे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या ट्वीड (कापडी आवरणाच्या) चॅम्पचे, ५एफ१ सर्किट अगदी आटोपशीर आहे. सिग्नल वाढवणारा दोन भागांचा एक १२एएक्स७ व्हॉल्व्ह, स्पीकर चालवणारा एक ६व्ही६, एसीचा डीसी करणारा एक ५वाय३ रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि बाहेर फक्त व्हॉल्यूमचा नॉब. टोन कंट्रोल नाहीच. म्हणूनच यात एखादा भाग बदलला तरी कानाला लगेच कळतो. इथे आपण त्यात दोन स्विच बसवणार आहोत. मात्र त्यासाठी जुन्या, मूळ ॲम्पच्या चासीला (धातूच्या सांगाड्याला) भोके पाडू नका. हे काम किटवर किंवा नव्याने बांधलेल्या प्रतीवर करा.

प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो. १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरला इन्सुलेटेड क्लिपा लावा. एक टोक चासीला जोडा, दुसरे प्रत्येक फिल्टर कपॅसिटरच्या धन टोकाला दहा सेकंद धरा. मग मल्टिमीटरने मोजा आणि ५ व्होल्टच्या खाली आल्यावरच हात घाला. स्पीकर न जोडता ॲम्प कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अमेरिकेतून आणलेला ११७ व्होल्टचा ॲम्प आपल्या २३० व्होल्टवर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावायचा नाही.

सोल्डरिंगच्या आधी एक सहज पूर्ववत करता येणारा प्रयोग करा : १२एएक्स७ काढून १२एवाय७ लावा. पहिल्याचा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर (सिग्नल वाढवण्याची क्षमता) १००, दुसऱ्याचा सुमारे ४४. आवाज उशिरा फाटतो, स्वच्छ वाजवायला जागा मिळते. एवढ्यावर समाधान झाले तर पुढे जायची गरज नाही.

पहिला स्विच : कॅथोड बायपास

इनपुट १२एएक्स७ च्या ज्या ग्रिडला, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या टोकाला, जाते (पिन २ किंवा ७), त्याच भागाचा कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारे टोक (अनुक्रमे पिन ३ किंवा ८), शोधा. तिथे १.५ किलोओहमचा रेझिस्टर असतो, त्याला समांतर कपॅसिटर नसतो. कपॅसिटर लावला की त्या टप्प्याचे गेन (सिग्नलची वाढ) साधारण ३२ पटींवरून ६१ पटींवर जाते.

लागेल ते : मधे बंद राहणारा तीन स्थितींचा टॉगल स्विच, २५ मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक, ०.६८ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर आणि १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर.

दोन्ही कपॅसिटरचे एकेक टोक कॅथोडला जोडा, इलेक्ट्रोलिटिकचे धन टोकच. उरलेली टोके स्विचच्या दोन बाजूंना, मधली पिन ग्राउंडला. दोन्ही बाजूंच्या पिनांपासून ग्राउंडपर्यंत १०० किलोओहम लावायला विसरू नका. त्यांच्यामुळे कपॅसिटर आधीच भरलेले राहतात. ते नसतील तर स्विच फिरवताना स्पीकरमधून ‘ठप्प’ असा आवाज येतो.

मधल्या स्थितीत मूळ चॅम्प वाजतो. २५ मायक्रोफॅरडवर सगळाच आवाज भरदार होतो. ०.६८ वर उठाव १५० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो, त्यामुळे जाड तारा गुरगुरत नाहीत. हंबकर (दोन कॉइलच्या, जाड आवाजाच्या) पिकअपसाठी हीच स्थिती चांगली.

कॅथोडवर सुमारे दीड व्होल्ट दिसतात. स्विच फिरवल्यावर हा आकडा स्थिरावून पुन्हा तोच यायला हवा. तो बदललेलाच राहिला तर कपॅसिटर गळका आहे किंवा उलटा लागला आहे.

दुसरा स्विच : निगेटिव्ह फीडबॅक

स्पीकरच्या टोकापासून १२एएक्स७ च्या दुसऱ्या भागाच्या कॅथोडला २२ किलोओहमचा रेझिस्टर येतो. त्यातून आउटपुटचा थोडा सिग्नल मागे जाऊन ॲम्पला आवरतो, हाच निगेटिव्ह फीडबॅक. त्याच्या वाटेत साधा चालू-बंद स्विच घाला. बंद केला की आवाज मोठा होतो, मध्यम पट्टी पुढे येते, बास सैल पडतो आणि फाटणे लवकर सुरू होते. ही तार इनपुटच्या तारांपासून लांब ठेवा. फीडबॅक चालू असताना किंचाळी आली आणि बंद करताच थांबली, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूच्या दोन तारा अदलाबदल करा, कारण फीडबॅक उलट्या कलेने (फेजने) येतो आहे, म्हणजे आवरण्याऐवजी भर घालतो आहे.

एवढे करूनही बास पसरट वाटला तर ६व्ही६ च्या ग्रिडकडे जाणारा ०.०२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून ०.०१ चा, ६३० व्होल्टचा लावा. २२० किलोओहमच्या ग्रिड रेझिस्टरबरोबर त्याची खालची मर्यादा सुमारे ३६ वरून ७२ हर्ट्झवर जाते. गिटारची सर्वांत खालची ई तार ८२ हर्ट्झची, म्हणजे सूर हरवत नाही.

शेवटी ६व्ही६ तपासा. त्याच्या कॅथोडवरचे व्होल्ट तिथल्या रेझिस्टरच्या ४७० ओहमने भागले की प्रवाह अँपिअरमध्ये मिळतो. त्याला प्लेट (व्हॉल्व्हचे धन टोक) ते कॅथोडच्या व्होल्टने गुणा. चॅम्पमध्ये १२ वॉटच्या आसपास उत्तर येणे नेहमीचे आहे. १४ च्या वर गेले तर ४७० ओहमच्या जागी ५६० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर बसवा.