डायलिसिसच्या पेशंटला आणि घरच्यांना धीर कसा द्यायचा

नवीन सिस्टर लोकांसाठी लिहितेय. डायलिसिसवाले काका आठवड्यातून 2-3 वेळा येतात, 4-4 तास सुया टोचून पडून राहतात, त्यात कर्जत-कसाऱ्याहून लोकलने आलेले असतील तर अर्धा जीव प्रवासातच गेलेला असतो, म्हणून आधी बाजूला बसा, "काका, रात्री झोप लागली का?" विचारा आणि मग फक्त ऐका. दुखतंय म्हणाले तर 0 ते 10 मध्ये किती ते विचारून लिहून ठेवा, "एवढं काय त्यात" कधीच म्हणू नका. पाणी मोजून प्यायचं असतं, मे महिन्यात मुंबईत ते खूप जड जातं हो, डॉक्टरांनी सांगितलेलं दिवसभराचं पाणी एकाच बाटलीत भरून ठेवायला शिकवा. फिस्टुलाच्या हातावर (डायलिसिससाठी ऑपरेशन करून ज्या हातातली शीर आणि धमनी जोडलेली असते तो हात) बीपी घ्यायचं नाही, हे घरच्यांनाही सांगा. आणि बाहेर बाकड्यावर बसलेल्या काकूंना विचारा, तुम्ही जेवलात का? बऱ्याचदा तिथेच त्यांना रडू फुटतं. रडू द्या, जवळ थांबा.