गेरचे फोटो आणि माझी तीन सॉफ्टवेअरं

रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यापुढून गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते ना, तिथे नवा कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पहिल्यांदा गेलो होतो, आणि घरी येऊन बघतो तर हवेत उडालेला गुलाल म्हणजे नुसता सपाट गुलाबी डाग, त्यात ना कण ना धूर. सगळं जेपेगमध्ये काढलेलं. लाल रंग एकदा काठोकाठ भरला की जेपेगमधून परत काढायला काही उरतच नाही, कारण त्यात एका रंगाच्या पायऱ्याच 256 आणि 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या फाइलमध्ये, 16,384. म्हणून कोणी विचारलं की कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, तर मी म्हणतो आधी कॅमेऱ्यात रॉ चालू कर बाबा, मग बोलू.

मी मात्र उलटं केलं. पाच सॉफ्टवेअरं टाकली आणि एकच फोटो एकात उजळ करायचा, जेपेग सेव्ह, दुसऱ्यात शार्प, परत सेव्ह, तिसऱ्यात रंग, परत सेव्ह. शेवटी राजवाड्याच्या वरच्या लाकडी मजल्यांना करवतीसारखी किनार आली. आता एका सॉफ्टवेअरला एकच काम देतो आणि ते काम दुसऱ्याला करूच देत नाही.

निवड आणि रॉ उजळणं डार्कटेबलमध्ये, फुकट आहे. आधी स्टार देऊन छाटणी करा, 600 मधून 40 उरले तरी पुष्कळ. नवीन माणूस इथे हमखास घाबरतो, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो झक्कास होता आणि इथे एवढा मरगळलेला का? अहो, स्क्रीनवर दिसतो तो कॅमेऱ्याने आपल्या मनाने रंगवलेला जेपेग असतो, रॉ कच्चाच असतो. कंपनीचेच रंग हवे असतील तर निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, दोन्ही फुकट. मी निकॉनवालं नुसतं ताडून बघायला ठेवलंय.

लाइटरूम क्लासिक शिकायला सोपं, यात वादच नाही, पण पैसे भरणं थांबलं की डेव्हलप मॉड्यूल, म्हणजे फोटो उजळायचा मुख्य भागच, बंद होतं. फोटोंवर कमाई असेल तर खुशाल घ्या. माझी नाही.

डाग, वायरी पुसायच्या तर गिंप. आतेभावाच्या मुलाची मुंज होती, मंगलाष्टकांच्या ऐन वेळचा एकच धड फोटो आणि त्यात बटूच्या बरोबर डोक्यावरून मांडवाची काळी वायर गेलेली! डार्कटेबलमधून 16 बिट टिफ (जेपेगपेक्षा जड पण रंगांच्या पायऱ्या राखणारी फाइल) काढली, गिंपमध्ये नवा लेअर, आजूबाजूच्या रंगात डाग मिसळून टाकणारं हील टूल, ब्रश वायरीपेक्षा थोडासाच जाड, आणि एका दमात न ओढता तुकड्या-तुकड्याने. मुंडावळ्यांपाशी मात्र हीलने पिवळं-पांढरं सगळं कालवून टाकलं, तिथे शेजारचा तुकडा जसाच्या तसा उचलणाऱ्या क्लोन टूलने हाताने भरलं, अर्धा तास गेला. 24 मेगापिक्सेलची अशी एक टिफ साधारण 144 एमबीची होते, म्हणून सगळ्या फोटोंच्या काढू नका, ज्यात खरंच पुसापुशी आहे त्याच्याच.

आणि हो, डार्कटेबल प्रत्येक रॉशेजारी एक छोटी एक्सएमपी फाइल ठेवतं. आपण केलेलं एडिटिंग त्यातच लिहिलेलं असतं, पण मला वाटलं कचरा आहे. लॅपटॉप फॉरमॅट करायच्या आधी नुसत्या रॉ फाइली हार्डडिस्कवर नेल्या. पूर्ण गेरचं एडिटिंग गेलं, तीन रात्री जागून केलेलं, त्या रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन गराडू (तळलेला मसालेदार कंद) खाल्ले तेव्हा कुठे डोकं शांत झालं.

मुंजीचा अल्बम मी दोनदा छापलाय. पहिल्यांदा सगळे चेहरे काळपट आले, आत्या म्हणाली, "अरे, उन्हात उभं केलं होतंस का पोराला?" लॅपटॉपचा ब्राइटनेस फुल ठेवून एडिट केलं होतं, त्यामुळे मला सगळं उजळच दिसत होतं. आता ब्राइटनेस अर्ध्यावर, फाइल एसआरजीबीत (बहुतेक स्क्रीन आणि लॅब वापरतात ती रंगांची पद्धत), आणि लॅबला आधी 4 बाय 6 ची एकच प्रिंट काढायला लावतो.