आपल्या गावाचा नकाशा कोरलेले कोस्टर घरी कसे करायचे

ताईच्या वास्तुशांतीला कपाखाली ठेवायचे चार लाकडी कोस्टर केले, लेझर मशीनने कोरलेले, कोल्हापूरच्या नकाशाचे, चारही जोडून ठेवले की पंचगंगेपासून रंकाळ्यापर्यंत अख्खं जुनं गाव दिसतं. तेव्हापासून कसे केले ते बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच नीट लिहितेय.

आधी नकाशा. गूगल मॅपचा स्क्रीनशॉट घेऊ नका, एक तर त्यांच्या अटींत बसत नाही आणि दुसरं म्हणजे तो फोटो असतो, त्यातून स्वच्छ रेषा निघत नाहीत. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशाचा डेटा फुकट आहे, फक्त त्यांना श्रेय द्यावं लागतं, मी कोस्टरच्या मागे बारीक अक्षरात नाव कोरते. क्यूजीआयएस नावाचं नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात क्विकओएसएम प्लगइन (हा डेटा आणून देणारी जोड) टाका आणि दोनच गोष्टी मागवा, पाणी आणि रस्ते. आता इथे एक चूक मी पहिल्यांदा केली ती तुम्ही करू नका. प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत) अक्षांश-रेखांशावरच ठेवलं तर नकाशा आडवा ताणला जातो, कोल्हापूरच्या अक्षांशावर साधारण ४ टक्के, आणि रंकाळा रोज बघितलेल्या माणसाला तेवढं लगेच खटकतं. त्याऐवजी यूटीएम झोन ४३ उत्तर हे प्रोजेक्शन निवडा, कोल्हापूर-सांगली-पुणे सगळं त्यात येतं.

एक कोस्टर १० सेंटीमीटरचा, म्हणजे चार मिळून २० बाय २०. स्केल १:२०,००० ठेवलं की ४ किलोमीटर बाय ४ किलोमीटर भाग मावतो. त्या साइजचा प्रिंट लेआउट करून एसव्हीजी (रेषांच्या चित्राची फाइल) काढा आणि इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा.

खरं काम इथून पुढे आहे आणि ते म्हणजे पुसण्याचं. सगळे रस्ते ठेवले तर लाकडावर नुसतं जळमट दिसतं. गाव ओळखू येतं ते पाण्यावरून, नदीचं वळण आणि तळ्याचा आकार, त्यामुळे पाणी पूर्ण भरून गडद कोरायचं, मोठे रस्ते अर्धा एमएम, गल्ल्या ०.२ एमएम, आणि पायवाटा, पार्किंगचे रस्ते, बाहेरच्या कॉलन्यांचं जाळं बिनधास्त उडवायचं. पण जिच्यासाठी करताय तिची गल्ली मात्र ठेवायची, ती कितीही बारीक असो! आमच्या शिवाजी पेठेतल्या घराच्या जागी मी २ एमएमचा एक ठिपका कोरला, बदाम-बिदाम काही नाही, आणि ताईने पहिलं बोट तिथेच ठेवलं.

नाव मराठीत लिहा. मुक्ता फॉन्ट छान उठतो, पण अक्षर ३ एमएमपेक्षा लहान केलंत तर वेलांट्या आणि जोडाक्षरं जळून एक होतात. आणि फाइल सेव्ह करायच्या आधी अक्षरांचा पाथ करून घ्या (म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषा होतात), नाहीतर लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात.

लाकूड म्हणाल तर ४ एमएम बर्च प्लाय, रंग फिका असल्यामुळे नदी उठून दिसते. एमडीएफ स्वस्त पडतं पण पाणी लागलं की फुगतं, कोस्टरला काय उपयोग. शिसम सुंदर पण मुळातच गडद. वर कागदी मास्किंग टेप लावा म्हणजे धुराचे डाग पडत नाहीत.

चार वेगळे तुकडे कोरू नका. २० बाय २० चा एकच सलग तुकडा आधी कोरायचा आणि कट सगळ्यात शेवटी, म्हणजे नदी एका कोस्टरवरून दुसऱ्यावर बरोब्बर जाते आणि लाकडाच्या रेषाही जुळतात. पॉवर-स्पीडचे आकडे मी देत नाही कारण प्रत्येक मशीनचं वेगळं असतं, त्याच प्लायच्या टाकाऊ तुकड्यावर छोट्या चौकोनांची टेस्ट घ्या आणि मग ठरवा. मशीन नसेल तर नेमप्लेट-ट्रॉफीवाल्यांकडे फाइल घेऊन जा, बरेच जण करून देतात.

घरी करत असाल तर निळ्या डायोड लेझरसाठी ४५० नॅनोमीटरचा प्रकाश अडवणाराच चष्मा, खिडकीबाहेर धूर काढणारा पंखा, आणि चालू मशीन सोडून फोन घ्यायलासुद्धा उठायचं नाही, आग लागते. उरलेल्या रेक्झिनवर करून बघू असं डोक्यात आलं तर अजिबात नको, त्यात पीव्हीसी असतं आणि जळल्यावर विषारी वायू निघतो, मशीनही गंजतं.

शेवटी टेप काढून टूथब्रशने काजळी झाडा, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात फिरवा आणि मॅट पीयूचे (पॉलियुरेथेन वॉर्निशचे) तीन कोट द्या. कडांना जास्त द्या, प्लाय पाणी पितं ते कडेतूनच. मागे २ एमएम कॉर्क चिकटवा, फक्त कोरलेलं श्रेयाचं नाव झाकू नका. पीयू हाताला कोरडं लागलं तरी आठवडाभर गरम कप ठेवू नका, आत ते अजून घट्ट होत असतं.